नोकरी लावणारी आत्या

श्टुटगार्ट, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रेझ्युमे मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर मी नुसतं ‘बघते’ म्हटलं, कारण त्याबद्दल जे सांगायचंय ते अंगठ्यानं टाइप करून उरकणारं नव्हतं. हे पत्र ईमेलनं पाठवतेय. प्रिंट काढ आणि दादालाही वाचायला दे, सुरुवातीचं थोडं त्याच्यासाठीच आहे.

दादा, ‘बहीण जर्मनीत नोकऱ्या लावते’ हे गल्लीत सांगणं आता बंद कर बघू. मला अनोळखी पोरांचे फोन यायला लागलेत. मी रिक्रूटर आहे. जागा विभागात निघते, माणूस विभागप्रमुख निवडतो. मी आलेले अर्ज वाचते, त्यांतले थोडे पुढं सरकवते, मुलाखतींच्या वेळा जुळवते. निवड झाली तरी काम संपत नाही. वीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती असेल, तिला इथं बेट्रीब्सराट म्हणतात, तर नव्या माणसाला घ्यायच्या आधी तिची संमती लागते. निवडलेल्याचेच नाही, बाकीच्या उमेदवारांचेही कागद तिच्यापुढं ठेवावे लागतात. त्यात माझ्या सख्ख्या भाच्याचं नाव निघालं तर मला त्या भरतीतून बाजूलाच व्हावं लागेल. तेव्हा ‘चिकटव की कुठंतरी’ हे जमणार नाही. अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते मात्र मी सांगू शकते.

ओंकार, आता तुझं.

पहिल्या पानाचा वरचा भाग ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’नं खाल्लाय. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधणे वगैरे. हेच वाक्य मी कोइम्बतूरच्या, लखनौच्या, नाशिकच्या मुलांच्या अर्जात शब्दशः वाचलंय. सगळ्यांचे सीनियर एकच फाइल पुढं ढकलत असणार. ते काढून टाक. अमेरिकेतल्या लॅडर्स नावाच्या कंपनीनं रिक्रूटरांच्या डोळ्यांची हालचाल मोजून २०१२ मध्ये सांगितलं होतं की पहिल्या नजरेला सहा सेकंद मिळतात. २०१८ मध्ये तो आकडा ७.४ झाला. मला या सेकंदांचं फार कौतुक नाही, चांगला अर्ज मी दहा मिनिटंही वाचते. पण पहिल्या नजरेत मी काय शोधते ते ठरलेलं असतं: सध्या काय काम करतोस, कुठं, किती वर्षं, जर्मन कितपत येतं. तुझ्या कागदावर यातलं पहिलं उत्तर दुसऱ्या पानावर सापडतं.

आणि ते सापडल्यावर तिथं काय आहे? ‘रिस्पॉन्सिबल फॉर ऑल क्वालिटी रिलेटेड अ‍ॅक्टिव्हिटीज.’

मध्ये तू फोनवर मला त्या गिअरबॉक्स हाउसिंगचं सांगितलंस. लीक टेस्टला पीस फेल जायचे, फोडून बघितलं की आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी. मशीन शॉप म्हणायचं फाउंड्रीचा दोष, फाउंड्री म्हणायची तुम्हीच जास्त मटेरियल काढलंत. तू दीड महिना प्रत्येक फेल पीसचा हीट नंबर, म्हणजे तो धातूच्या कुठल्या ओतीतला ते, आणि पाळी वहीत लिहिलीस, तेव्हा दिसलं की बहुतेक पीस सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतले आहेत. साच्याची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटवरचा माणूस पाणी अंदाजानं सोडत होता, वाळूतलं मॉइश्चर वर जात होतं. तू दर तासाला रीडिंग घेऊन फळ्यावर लिहायला लावलंस, आणि रिजेक्शन शंभरात सातावरून दोनावर आलं. हे सगळं तू मला पाच मिनिटांत, न अडखळता सांगितलंस. शिरोली एमआयडीसीतल्या पोराला हे सांगता येतं आणि लिहिताना त्याचं ‘क्वालिटी रिलेटेड अ‍ॅक्टिव्हिटीज’ होतं, याचा मला खरंच राग येतो.

तेच लिही. कुठला पार्ट, दोष काय, तू काय तपासलंस, कारण काय निघालं, आकडा कितीवरून कितीवर आला. दोन-तीन ओळींत बसतं. कस्टमरला एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, तू लिहिलास की साहेबांनी लिहिला आणि तू डेटा दिलास, ते जसं असेल तसंच मांड. मुलाखतीत विभागप्रमुख हमखास विचारतो की पाळीला किती पीस निघतात, सॅम्पल किती घेतलं, मॉइश्चर कशानं मोजलं. ज्यानं काम केलंय त्याला यात मजा येते. ज्यानं दुसऱ्याचं उतरवलंय तो तिसऱ्या प्रश्नाला पाणी मागतो, आणि मी शेजारी बसून ते बघते. सीएमएम, म्हणजे मोजमापाचं यंत्र, कुठल्या कंपनीचं चालवलंस, पीपॅपची, म्हणजे पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची, फाइल स्वतः केलीस का, हे ‘स्किल्स’च्या रांगेत न टाकता त्या त्या कामाखाली घाल. व्हीडीए ६.३ हे जर्मन गाडीवाल्यांचं ऑडिट आहे. तुझ्याकडं ते झालं असेल आणि तू त्यात बसला असशील, तर ती ओळ वर आण. नुसतं दोन दिवसांचं ट्रेनिंग असेल तर ट्रेनिंग म्हण. आणि एमएस ऑफिस काढ रे बाबा.

खाली वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर, ‘मॅरिटल स्टेटस: सिंगल’, छंद क्रिकेट, आणि ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. पासपोर्ट नंबर तर आजच काढ, असे कागद कुठं कुठं फिरतात तुला कल्पना नाही. लग्न झालंय की नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. डिक्लेरेशनही नको. गंमत म्हणजे गाव, तारीख आणि खाली सही ही आपली जुनी पद्धत जर्मनांकडंही आहे, अजून बरेच जण करतात, ती ठेवलीस तर चालेल. फोटोचं तसंच. २००६ मध्ये समान वागणुकीचा कायदा आल्यापासून कंपन्या फोटो सहसा मागत नाहीत, तरी लोक लावतात. तुला लावायचा तर लाव, पण हा नको. हा कोणाच्या तरी लग्नातला कापलेला आहे, तुझ्या खांद्यावर दुसऱ्याची बोटं दिसतायत. अमेरिकेत किंवा इंग्लंडात अर्ज केलास तर मात्र फोटो आणि जन्मतारीख दोन्ही काढायची. तिकडं ते असलं की वाचणाराच अवघडतो.

एमपीएससीची दोन वर्षं तू लपवलीस. नोकऱ्यांपुढं नुसती सालं घातलीस म्हणजे फट दिसणार नाही असं कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. इथं प्रत्येक गोष्टीला महिना आणि साल लागतं, आणि मोकळी जागा दिसली की पहिला प्रश्न तोच येतो. सरळ लिही: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पुणे, या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होतास, तेही टाक. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तर लाखो मुलं शेकड्यांतल्या जागांसाठी बसतात एवढं सांगितलं की पुरतं. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही, आणि दादा, तूही ‘दोन वर्षं वाया गेली’ हे त्याच्यादेखत म्हणणं सोड.

आता ते यंत्राचं. यूट्यूबवरचे लोक सांगतात की कॉम्प्युटरच अर्ज नापास करतो, म्हणून जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरा. आमच्याकडं नकाराचं बटण माणूसच दाबतो. प्रणाली फाइलमधला मजकूर उपसून मला साधा करून दाखवते, आणि त्यात ती लपवलेली रांग काळ्या अक्षरांत समोर येते. मग त्या उमेदवाराच्या बाकीच्या ओळींवर मी विश्वास का ठेवायचा? तुझी खरी अडचण वेगळी आहे: ते दोन रकान्यांचं रंगीत टेम्पलेट. मजकूर उपसताना डावा रकाना उजव्यात मिसळतो आणि आमटी ताकात गेल्यासारखं होतं. तुझ्या कंपनीच्या नावापुढं ‘क्रिकेट’ आलंय. एकच रकाना, साधी अक्षरं, दोन पानं, पीडीएफ. त्याच्यामागं डिग्री, मार्कशीट आणि अनुभवाची पत्रं स्कॅन करून जोड. जर्मनांना कागद लागतात. इथं नोकरी सोडताना कामाच्या दर्जाविषयीचं लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळं ते तुझ्याकडूनही तसलं काहीतरी बघायला मागतात. आपल्याकडं ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होते, वर्तणूक चांगली’ एवढंच मिळतं. तुझ्या जुन्या साहेबांना विचार, काय काय काम केलंस ते चार ओळींत लेटरहेडवर देतात का. देतील, माणूस भला वाटला.

एकाच कंपनीत दिसेल त्या जागेवर अर्ज टाकू नकोस. नोकरीच्या पोर्टलवर रोज प्रोफाइल अपडेट केलं की वर दिसतं, ही आपली सवय इथं उलटी पडते. एका नावासमोर अकाउंट्स, वेल्डिंग सुपरवायझर आणि क्वालिटी असे सगळे अर्ज मला एका पडद्यावर दिसतात. सोबतचं पत्रही स्वतः लिही. आजकाल एआयनं लिहिलेली पत्रं इतकी येतात की पहिल्या वाक्यात ‘मोठ्या उत्साहाने’ दिसलं की मी पुढच्या परिच्छेदावर उडी मारते. त्यांचं मशीन काय बनवतं आणि तू काय तपासत आलास, एवढं जोडलंस तरी पुष्कळ.

पगाराच्या रकान्यात सीटीसी घालू नकोस, इथं पीएफ-ग्रॅच्युइटी धरून आकडा कोणी सांगत नाही. वर्षाचा, कर कापायच्या आधीचा आकडा विचारतात. सध्या किती मिळतात ते आपण होऊन सांगायचं कारण नाही. युरोपीय संघाचा २०२३ चा पगार-पारदर्शकतेचा निर्देश आहे, त्यात जुना पगार विचारायलाच मनाई आहे, आणि देशांना तो अमलात आणायला जून २०२६ ची मुदत दिली होती. ब्लू कार्डाला, म्हणजे डिग्रीवाल्यांना नोकरीसाठी मिळणाऱ्या इथल्या परवान्याला, २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरोंचा पगार लागत होता, माणसं कमी असलेल्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरो. आकडा दरवर्षी बदलतो, तेव्हा मागायच्या आधी चालू वर्षाचा बघून घे. नोटीस तीन महिन्यांची आहे हे बिनधास्त लिही, इथंही बऱ्याच करारांत तेवढी असते, कोणी दचकत नाही.

हे सगळं लिहिलं, आता कडू ते. गाड्यांच्या धंद्याचे दिवस इथं बरे नाहीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफनं २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ अखेरपर्यंत जर्मनीतल्या १४,००० पर्यंत जागा कमी करणार. त्याच वर्षी डिसेंबरात फोक्सवागनचा युनियनशी करार झाला, त्यात २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी व्हायच्या आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांची भागीदारी २०१५ पासून आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, दर थोड्या दिवसांनी पेपरात ‘जर्मनीत हजारो संधी’ असं छापून येतं. संधी आहेत, पण नर्स, इलेक्ट्रिशियन, बसड्रायव्हर यांना जास्त. तू गाड्यांच्या बड्या नावांमागं न लागता लहान मशीन बनवणारे, रेल्वेचे सुटे भाग, वैद्यकीय उपकरणं असं बघ. आमच्याच राज्यात टुटलिंगन म्हणून गाव आहे, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या शेकडो कंपन्या तिथं आणि आसपास आहेत. त्यांना मोजमापात चिकट माणूस लागतो. पण त्यांच्या शॉप फ्लोअरवर इंग्रजी चालत नाही. बी१ पर्यंत, म्हणजे ए१ ते सी२ या भाषेच्या पायऱ्यांतल्या तिसऱ्या पायरीपर्यंत, जर्मन झाल्याशिवाय तिथं अर्ज टाकणं म्हणजे वेळ घालवणं आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही असतात. लाग कामाला.

तू चान्सनकार्टेबद्दल विचारलंस. जून २०२४ पासून आहे ते. नोकरी हातात नसताना वर्षभर इथं येऊन शोधता येते, दरम्यान आठवड्याला वीस तास काम करता येतं. सहा गुण लागतात. तुझे मी मांडून बघितले: पस्तिशीच्या आत म्हणून दोन, अनुभवाचे दोन, जर्मन ए२ केलंस तर एक, इंग्रजी सी१ दाखवलंस तर एक. बरोबर सहा. त्याआधी अनाबिन या सरकारी यादीत तुझं विद्यापीठ आणि डिग्री शोधून पान छापून ठेव. पण खात्यात महिन्याला १,०९१ युरो या हिशोबानं वर्षाचे पैसे अडकवावे लागतात, हा २०२५ चा आकडा. रुपयांत बारा-तेरा लाख होतात. दादा कर्ज काढायला तयार होईल, त्याला मी ओळखते. माझं मत: हातात बी१ नसताना ते पैसे अडकवू नका. आधी तिथूनच, नोकरी चालू ठेवून अर्ज कर.

मुलाखत व्हिडिओवर होईल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं जातात, मग आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर पडतं, आणि दर वर्षी त्या सोमवारी भारतातला कोणीतरी तासभर आधीच येऊन बसतो. मार्चअखेर उलटं होतं आणि माणूस तासभर उशिरा उगवतो, ते वाईट. ‘तुमची कमतरता काय’ याला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणालास तर मला आत्या म्हणू नकोस.

नवी फाइल झाली की मला धाड. नाव ‘रेझ्युमे फायनल फायनल’ ठेवू नको, स्वतःचं नाव आणि जागेचं नाव घाल.

वहिनींना नमस्कार. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी वहिनींनी पाठवली ती मिळाली.

तुझी
आत्या

ता. क. दादा, राजारामपुरीतला जो एजंट ‘जर्मनीची हमी’ म्हणून साडेतीन लाख मागतोय, त्याला एक रुपयाही देऊ नकोस. परदेशी नोकरीचा एजंट १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला असावा लागतो, त्याची यादी ई-मायग्रेटच्या साइटवर आहे, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. जर्मन व्हिसाची स्वतःची फी ७५ युरो आहे. त्याच्याकडं नोंदणी क्रमांक माग आणि तो काय म्हणतो ते मला कळव.