चुन्याच्या भिंतीपाशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं, रागावू नकोस. महिनाभर त्या जुन्या चर्चच्या भिंतीपाशीच होतो. गावात पाडापाडीची भाषा सुरू झाली होती आणि भिंतीची दशा बघून कुणालाही तेच सुचलं असतं. कमरेपर्यंत ओल, त्यावर पांढरा खार, बोट लावलं की दगडाचा पापुद्राच हातात.

दोष दगडाचा नव्हता. बांधकाम चुन्यातलं, आणि मागे कुणीतरी चांगल्या हेतूनेच दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी १८२४ सालचं. ही भिंत त्याआधीची. चुना ओल शोषतो आणि हवेत सोडून देतो. सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल दगडातून बाहेर पडते, तिच्यातलं मीठ दगडातच साकळतं आणि त्याचा दर्शनी भाग फोडून काढतं. दर्ज दगडापेक्षा मऊच हवी. ती झिजली तर पुन्हा भरता येते, झिजलेला दगड परत येत नाही.

सिमेंट हातछिन्नीने काढलं. यंत्राने दगडाच्या कडा उडतात. एका ठिकाणी आत मूळ चुना निघाला आणि त्यावर गवंड्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघांसकट! भट्टीत चुनखडीतून निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड चुना हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. तसा तो अंगठाही दगड झालेला. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली कितीतरी चर्चचे जुने गिलावे खरवडून काढले. त्याविरुद्ध इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणारी संस्थाच काढली. रोजची निगा राखा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही, हा त्याचा आग्रह. मला तो शंभर टक्के पटतो. पन्हळी वेळच्या वेळी साफ झाल्या असत्या तरी इथली निम्मी ओल टळली असती.

घंटेवरची कोसळलेली कमान नव्याने उभारावी, असं काहींना वाटतं. मी विरोध केला. ती कशी होती याचं एकही चित्र नाही, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, सांगते. थोडी वादावादी झाली. कमानीचं काम तूर्त राहिलं.

नव्या चुन्यावर ओलं गोणपाट टांगलंय. तो सावकाश वाळला नाही तर तडकतो. एव्हाना कोरडं पडलं असेल, पाणी मारून येतो. तू आलास की अंगठा दाखवतो.

तुझाच
मित्र