धुक्यातल्या हॉर्नबद्दल

मादाम,

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं फ्रेंच ऐकून तुम्हाला अजून हसू येतं. तरी आभार मराठीतच मानते. दुसऱ्या भाषेत ते पाहुण्यासारखे वाटतात.

जानेवारीतली ती दुपार. दक्षिण फ्रान्समधल्या झोंत नदीच्या कड्यांवरची गिधाडं मोजून मी निघाले आणि बघता बघता कोस मेजाँचं पठार धुक्यात बुडालं. हजारेक मीटर उंचीवरचा उघडा माळ, जिकडे तिकडे चुनखडीचे सारखेच दगड. फोनला रेंज नाही, वर बर्फाची भुरभुर. मेंढ्यांच्या पाण्याचं ते दगडी तळं दुसऱ्यांदा समोर आलं, तेव्हा कळलं, आपल्याला चकवा लागलाय. कोकणात असते तर देवाचं नाव घेतलं असतं. इथे कुठल्या देवाचं घ्यायचं तेही सुचेना.

तेवढ्यात हॉर्न. दोनदा लांब. मग शांत. पुन्हा दोनदा.

आवाजाच्या रोखाने मी पोचले, तर तुम्ही गाडीत बसलेल्या, पाऊण तास हॉर्न वाजवत. बॅटरी उतरली होती, म्हणून घरापर्यंत दोघी चालतच गेलो. चुलीपाशी तुम्ही म्हणालात की तुमच्या आईच्या माहेरी, मों लोझेर डोंगराच्या अंगाला, अशा दिवशी वाटसरूंसाठी घंटा वाजवत. बर्फवादळासाठी बांधलेले ते घंटेचे मनोरे पुढे तुम्हीच मला दाखवलेत.

फ्रान्समध्ये जवळपास ३५ हजार कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखे, आणि चिमुकल्या कम्यूनलाही आपला महापौर. तुमचे महापौर मला मेंढ्यांमागे जास्त आणि कचेरीत कमी भेटले. पण माझं खरं कार्यालय तुमचं स्वयंपाकघर. तिथेच कळलं की या कड्यांवरची गिधाडं १९४०च्या दशकात संपली होती आणि १९८१पासून पुन्हा सोडली गेली. मेलेली मेंढी तुम्ही ठरलेल्या जागी त्यांच्यासाठी ठेवता, हे सांगताना तुमचा स्वर शेजाऱ्याला ताक दिल्यासारखा साधा होता. मी म्हसळ्याची. आमच्याकडची गिधाडं कशी गेली हे मी सांगितलं: गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या गुरांतून त्यांच्या पोटात गेलेलं, आणि जनावरांसाठी त्यावर २००६ साली आलेली बंदी. तुम्ही ते नाव कॅलेंडरवर लिहून घेतलंत आणि उठून औषधांचं कपाट तपासायला गेलात. त्या क्षणी मला तुम्हाला आजी म्हणावंसं वाटलं. धीर झाला नाही, म्हणून इथे म्हणते.

निघताना तुमच्या दारावरचं ते वाळलेलं काटेरी फूल, कार्दाबेल, काढून दिलंत. हवा कोरडी असली की उघडतं, दमट झाली की मिटतं. आता ते आमच्या दाराला खिळ्यावर आहे. आजी, इथे जूनपासून पाऊस लागलाय. अजून एकदाही उघडलेलं नाही.

तुमची,
गिधाडं मोजणारी