किमान वेतनातले घरभाडे कोण मोजणार? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वेतन संहिता, म्हणजे वेतनाविषयीचा केंद्राचा नवा कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. यापुढे किमान वेतनाचा विषय सरकारला सल्ला देणाऱ्या राज्य सल्लागार मंडळात येईल तेव्हा मालक आणि कामगार यांचे सारख्याच संख्येने प्रतिनिधी तिथे असतील. संख्या सारखी असली तरी तयारी सारखी नसते. मालकांच्या बाजूने पगारी तज्ज्ञ आकडेवारी घेऊन येतात. कामगारांचा प्रतिनिधी पुष्कळदा पाळी संपवून येतो आणि बैठकीची टिपणे तिथेच पहिल्यांदा उघडतो.

या टिपणांमध्ये काय दडलेले असते, याचे एकच उदाहरण देतो. किमान वेतन ठरवताना कामगाराच्या कुटुंबाचा खर्च मोजतात. त्यासाठीच्या केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात घरभाडे हे अन्न आणि कपड्यांवरच्या खर्चाच्या 10 टक्के धरले आहे. समजा, चार जणांच्या कुटुंबाचा हा खर्च महिन्याला 12,000 रुपये आहे. मग भाड्याच्या वाट्याला येतात 1,200 रुपये. मानखुर्द, भिवंडी किंवा चाकण, कुठेही विचारा. एवढ्या भाड्यात कुटुंबाला खोली मिळत नाही, शिवाय डिपॉझिट वेगळेच. सरकार, मालक आणि कामगार यांच्या 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने भाड्याचा संबंध सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या किमान घराशी जोडला होता. म्हणजे निदान एक खरे घर तरी डोळ्यांसमोर होते. 10 टक्क्यांमागे कुठले घर आहे? आणि जो आकडा कामगाराच्या पगारात पुढची काही वर्षे मुरणार आहे, तो खोल्यांची भाडी न विचारता कसा ठरतो?

मोजमाप चुकले की कामगाराचे पैसे जातात, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता मुंबईतल्या भावांच्या ज्या निर्देशांकावर ठरत असे, त्याचे पायाभूत वर्ष 1933-34 होते. भाव चढताहेत आणि निर्देशांक त्या मानाने हलत नाही, हे संघटनांनी हिशेब मांडून दाखवले. 1963 मध्ये त्यासाठी मुंबईत मोठे आंदोलन झाले. राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांची तज्ज्ञ समिती नेमली, समितीला निर्देशांकात दोष आढळले आणि भत्ता वाढला. आंदोलनाची ताकद होतीच. पण समितीसमोर टिकला तो हिशेब.

तसा हिशेब करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या परंपरेतली आंबेकर इन्स्टिट्यूट आणि हिंद मजदूर सभेशी जोडलेली मणिबेन कारा इन्स्टिट्यूट, दोन्ही मुंबईतच आहेत. अशा संस्था कामगारांच्या वर्गणीवर किती तग धरणार? गिरण्या बंद झाल्या, कंत्राटी कामगार वाढले. ज्याची नोकरीच अकरा महिन्यांची, त्याच्याकडून वर्गणी तरी कशी मागायची?

फ्रान्समध्ये 1982 साली कामगार संघटनांनी मिळून 'इरेस' ही आर्थिक-सामाजिक संशोधन संस्था स्थापन केली. तिला सरकारी निधी मिळतो, कारभार मात्र संघटनांच्या हाती आहे. एकमेकींशी न पटणाऱ्या संघटना तिथे एका छताखाली अभ्यास करतात. आपल्याकडे आयटक, सिटू, इंटक, बीएमएस, एचएमएस या केंद्रीय कामगार संघटनांना हे जमणार नाही असे मी मानत नाही. घरभाड्यावर त्यांचे मतभेद असण्याचे कारणच नाही.

म्हणून माझे मागणे असे. किमान वेतनाची नवी अधिसूचना काढण्यापूर्वी राज्यातल्या औद्योगिक पट्ट्यांत कामगारांच्या घरभाड्याची पाहणी करा आणि तिच्या आखणीपासून संघटनांच्या संशोधन संस्थांना सोबत घ्या. त्यासाठी त्यांना निधी द्या, पण निष्कर्षांवर मंत्रालयाचा हात नको. निर्देशांकासाठी कोणत्या बाजारातून कोणता भाव घेतला, कोणत्या वस्तीत किती भाडे नोंदवले, हा तपशील नावे-पत्ते वगळून खुला करा. आणि मंडळावरच्या कामगार प्रतिनिधींना बैठकीची कागदपत्रे निदान महिनाभर आधी मिळू द्या.

पाहणीची सुरुवात भिवंडीपासून करावी असे मला वाटते. तिथे यंत्रमागाच्या कारखान्यातच झोपणारे कामगार आहेत. त्यांच्या घरभाड्याच्या रकान्यात काय लिहायचे, हे मंडळाने त्यांना भेटून ठरवावे.

आपला,
वेतनकरारांचे काम पाहणारा एक कामगार कार्यकर्ता