शेड दिनूकडं, ट्रॅक्टर माझ्याकडं

आजरा,
मे अखेर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून कागद घेतला. तुझ्या मागं कायम मशीनचा आवाज, आणि इथं रेंजसाठी माडीवर उभं राहिलं की आपलं बोलणं सरळ दिनूच्या खिडकीत जातं. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी साखर ठीक. ते सोड.

आम्हा भावांची, माझी आणि दिनूची, वाटणी कशी झाली ते आईनं तुला सांगितलंच असणार. पंचांनी कौलं एका बाजूला मांडली आणि लोखंड दुसऱ्या. शेड दिनूकडं गेली, ट्रॅक्टर माझ्याकडं आला. कागदावर बरोबर दिसतं. पण आबांनी ती शेड ट्रॅक्टरसाठीच बांधली होती. तुला आठवतंय ना, मंगलोरी कौलं खाली उतरवून घेताना तू आणि मी शिडीवर होतो आणि आबा खालनं ओरडत होते की एक फुटलं तर दोघांच्या पाठीत फुटंल. त्या कौलांखालनं आपला 575 ट्रॅक्टर कधी एक पावसाळा बाहेर राहिला नाही. आता राहणार. मृग तोंडावर आलाय.

सोमवारी रात्री वळीव आला. उगवतीकडनं आभाळ भरून आलं आणि पहिल्याच झोतात निळ्या ताडपत्रीच्या कड्या तुटल्या. अंगणात बॅटरी घेऊन गेलो तर अर्धी ताडपत्री चिंचेत अडकलेली, आणि ट्रॅक्टरवर कुणीतरी वाकलेलं. दिनू होता. अंगातला बनियन भिजून चिकटलेला. त्यानं खताचं रिकामं पोतं दुमडून गिअरच्या दांड्याभोवती गच्च बांधलं, सायलेन्सरवर डबा आहे का हातानं चाचपून बघितलं आणि गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाल्गुनापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, सदा. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, बरं झालं, भाऊ भाऊ एक झाले. तसं काही झालेलं नाही. काय झालंय ते तुला कळेल, म्हणून तुला लिहितोय.

पोतं बांधलं तोवर पाणी आत गेलंच होतं. दांड्याच्या रबराला भेगा पडल्यात आणि पाणी दांड्यावरनं ओघळत थेट गिअरपेटीत उतरतं. सकाळी मोजपट्टी काढली तर तेल चहाच्या रंगाचं. खालचा नट सैल केला, आधी नुसतं पाणी आलं, मग दुधाळ तेल. पाणी जड, ते तळाला बसतं, त्यामुळं इंजिन चालू न करता रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी सोडला तर बरंचसं तसंच निघून जातं. पण जे तेलात घुसळलं गेलं ते निघत नाही. सगळं काढलं, थोडं डिझेल घालून धुतलं, नवीन भरलं. बेअरिंगं वाचली असं गडहिंग्लजचा मिस्त्री म्हणाला. त्यानं कान लावून ऐकलं आणि मान हलवली, त्यावर माझा विश्वास आहे.

आता तू म्हणशील, दिनूच्या शेडमध्ये ठेव की. तो नाही म्हणणार नाही, मला माहीत आहे. आई दोनदा म्हणाली. पण त्यानं तिथं दोन म्हशी बांधल्यात. आबा काय म्हणायचे ते आठव. जनावराच्या मुताची वाफ तांब्याच्या वायरीला खाते, वायर आतनं हिरवी पडते आणि सेल्फ मारला की नुसतं टक् होतं. गोठ्यात ओलही भिंतीभिंतीला असते. ट्रॅक्टरला उघड्यावरचा वारा परवडला, गोठ्याची वाफ नाही. हे मी रागानं म्हणत नाही. शेडमध्ये म्हशी नसत्या तर मी काय केलं असतं हे मला सांगता येणार नाही, पण म्हशी आहेत.

आणि पक्कं काही बांधायचं तर जागेची मोजणी व्हायचीय. खळ्याची हद्द कुठं येते ते ठरल्याशिवाय मी जमिनीत एक खांब रोवणार नाही. एका खांबापायी पुन्हा पंच बसवायचे नाहीत. म्हणून डोकं लढवलंय. तेलाची चार जुनी बॅरलं आणली आहेत. त्यांत मधोमध मेसकाठ्या, म्हणजे मेस-बांबू, उभ्या करायच्या, भोवतीनं दगड-मुरूम ठासून भरायचा. खांब उभा राहिला आणि जमिनीला हातही लागला नाही. मधे आडवी वासकाठी उंच, दोन्ही बाजूंना उतार, वर 250 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारी जाड ताडपत्री. बाजारात निळी-काळी पातळ मिळते ती एका उन्हाळ्यात भुगा होते, हात लावला की पापडी निघते.

इथंच तुझं माझं भांडण. तू मागच्या दिवाळीत म्हणालास, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून दोरीनं आवळून टाक, आमच्या कंपनीच्या यार्डात तसंच करतात. अरे, तुझ्या भोसरीला वर्षाचा पाऊस 700-750 मिलिमीटर. आंबोलीत 7000 च्या घरात पडतो, आणि आपण त्या ढगाच्या शेपटाखाली. इथं जमीन चार महिने श्वास सोडते. गच्च आवळलेल्या ताडपत्रीखाली ती ओल वर चढते, रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि बॉनेट आतनं ठिबकायला लागतं. वरनं पाऊस नाही तरी ट्रॅक्टर भिजतोच. शिवाय उंदरांना बाळंतपणाला खोली मिळते ती वेगळी. त्यामुळं ताडपत्री बॉनेटपासून हातभर वर आणि कडा चाकाच्या मध्यापर्यंतच. खालनं वारा फिरला पाहिजे. झड मात्र दोन्हीकडनं अडवावी लागते, कारण वळीव उगवतीचा आणि पावसाळा मावळतीचा. तिथं मेसाच्या तट्ट्या सुटत्या बांधणार, वारा बदलला की सरकवता येतील अशा.

चिंचेखाली मात्र ठेवणार नाही. पाऊस थांबल्यावरही झाड तासभर गळत राहतं, पाला रेडिएटरच्या जाळीत कुजतो आणि फांदीचा भरवसा नाही. खळ्यावर मुरूम टाकून जागा वीतभर उचलली आहे, भोवतीनं चर मारलाय.

डब्याचं तर तुला सांगायलाच नको! सायलेन्सरवरचा डबा न काढता तू सेल्फ मारलास आणि तो उडून गुरुजींच्या कौलावर पडला, ते आजही गुरुजी सांगतात. तेव्हापासून आबांनी चावी डब्यातच ठेवायची पद्धत लावली. डबा काढल्याशिवाय चावी नाही, चावीशिवाय ट्रॅक्टर नाही. मी ती मोडलेली नाही. हसण्यावारी नेतो आपण, पण कुठला तरी एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्यातनं पाणी सिलिंडरात उतरलं की बोअर गंजतो, रिंगा धरतात. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही. एअर क्लीनरचं तेलही बघावं लागतं, त्यात पाणी साचलं की तेल वर चढतं आणि इंजिन ते ओढून घेतं.

चिखलणीला तो लागणारच, म्हणून लावणी उरकेपर्यंत कामात राहील. खरी काळजी त्यानंतरची. म्हातारा पाऊस आणि आसळका ही नक्षत्रं गेली की सासूंचा पाऊस, मग सुनांचा. दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर उभाच. चिखलातनं आला की आधी धुवायचा, पुढच्या ॲक्सलच्या निपलांत गन मारत राहायचं, जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची. अर्धी ठेवली तर रिकाम्या भागातल्या हवेची ओल पत्र्यावर धरते, पाणी तळाला जातं आणि तिथनं पंपात. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग दुसरी, आणि ती घरात फळीवर. मागचं 13.6-28 टायर गेल्या उन्हाळ्यात बगलेला तडकलंय, उन्हानं, पावसानं नाही. ऊन पडलं की पोती टाकायची, पाऊस आला की काढायची, नाहीतर ओलं पोतं रिम खातं. रोटरच्या पात्यांना जळकं ऑईल फासायचं, पण टायरला थेंब लागू द्यायचा नाही, रबर फुगतं. हातब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनिंग गंजून चिकटतात. चाकाला दगड पुरे. ॲक्सलखाली जांभ्याचे चिरे लावून चाकं जरा उचलून ठेवावीत असंही मनात आहे.

आणि दर आठ दिवसांनी पाच मिनिटं चालू करायचं तुझं ते वेड, त्याला माझा आजही ठाम विरोध आहे. डिझेल जळताना पाणी तयार होतं. इंजिन तापलंच नाही तर ते सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्येच राहतं. सेल्फनं खाल्लेली बॅटरी पाच मिनिटांत भरत नाही. चालू करायचा तर अर्धा-पाऊण तास ओझं लावून फिरवायचा, काटा वर येऊ द्यायचा, नाहीतर हात लावायचा नाही. तू पंचवीस वर्षं यंत्रांत काढलीस हे मला मान्य आहे, पण तुझी यंत्रं छपराखाली असतात, गड्या.

क्लचचं मात्र मला तुझ्याकडनं हवंय. पेडल दाबून खाली लाकडी ठोकळा लावला की प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही, हे बरोबर. सरांच्या ट्रॅक्टरची प्लेट चिकटली म्हणूनच तो मधोमध सोडवावा लागला होता, आठवतं ना? पण सलग दोन-अडीच महिने दाबून ठेवलं तर स्प्रिंगा सैल पडतील का? मिस्त्री म्हणतो काही होत नाही, पण तो सगळ्यालाच काही होत नाही म्हणतो.

विकून टाक हे मात्र पुन्हा लिहू नकोस. गेल्या महिन्यात भंगारवाला येऊन वजन करून भाव सांगून गेला. किलोवर! ज्या सीटवर आबांनी आपल्या दोघांना आलटून पालटून बसवलं, नदीच्या रेतीत रुतला तेव्हा ज्याच्या मडगार्डवर दिनू रडत बसला होता, तो किलोवर जाणार नाही. त्याचं इंजिन अजून एका सेल्फमध्ये लागतं. चार महिने उघड्यावर काढले तर निम्मं आयुष्य जाईल ही भीती आहे, म्हणून इतकं लिहितोय.

दिनूनं पोतं बांधलं ते कुणासाठी, हे मला कळत नाही. ट्रॅक्टरसाठी बांधलं असं समजलं तर बरं वाटतं आणि वाईटही. ते पोतं मी सोडलेलं नाही. नवीन रबर आणलं की सोडावं लागेल, आणि सोडलं की परत कुणाकडं द्यायचं?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? श्रेयाचा प्रवेश कुठं घ्यायचा ठरलं? वहिनींना नमस्कार सांग, त्यांनी पाठवलेलं लोणचं आईनं कुणाला हात लावू दिलेलं नाही. यंदा घनसाळ तांदूळ थोडाच आहे, तरी तुझं पोतं बाजूला ठेवलंय.

आणि दिनूला फोन करू नकोस. मला माहीत आहे, हे वाचून पहिलं तेच करशील. करायचाच असेल तर श्रेयाच्या निकालाचे पेढे सांगायला कर, ट्रॅक्टरचं नाव काढू नकोस.

तुझा,
बापू

ता. क. – पुण्यात 575 च्या गिअर दांड्याचं जाड रबर मिळालं तर दोन घे. इथं मिळतं ते पातळ आहे. मृगाआधी एसटीच्या पार्सलनं पाठव, आणि सोबत क्लचचं उत्तर.