तारखा विचारणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला मी सुरुवात केली तर कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलात, आणि कुकर गॅसवर नव्हताच. म्हणून हे उघड पत्र. यात तुमचं नाव नाही, आपल्या कौन्सिलचंही, म्हणजे इथल्या पालिकेचंही, नाही. ओळखणारे ओळखतील. बाकीच्यांना निदान कळेल की लंडनमध्ये कौन्सिलच्या भाड्याच्या घरासाठी नाव कसं लावतात आणि आपल्यासारखी बाई त्यात नेमकी कुठे अडते.

सप्टेंबर २०२१. ओळखीच्यांकडचा गणपती. आत आरती चालू होती आणि मी बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभी. पर्समध्ये कौन्सिलचं पत्र होतं आणि रडू कसंबसं आवरलं होतं. तुम्ही पाठ टेकायला म्हणून बाहेर आलात. आपली तेव्हा धड ओळखही नव्हती. मी काही न बोलता पत्र पुढे केलं. कुणी दुसरं असतं तर "अगं बाई, काय झालं?" म्हणालं असतं. तुम्ही चष्मा लावलात, दोन्ही पानं वाचलीत आणि विचारलंत, "पत्रावरची तारीख काय?"

नऊ दिवस झाले होते.

"फेरविचार मागायला एकवीस दिलेत. बारा उरले. उद्या दुपारी ये, आणि घरात तुझ्या नावाचा जेवढा म्हणून कागद असेल तेवढा घेऊन ये." एवढं बोलून तुम्ही प्रसादाला आत गेलात. तुम्ही २२ वर्षं एका कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात काढली आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पत्रात नकार होता. या भागात सलग ५ वर्षं राहिल्याचा पुरावा नाही, सबब यादीत नाव घेता येत नाही. मी ७ वर्षं राहत होते! पण भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, कौन्सिल टॅक्स त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. बँकेचं खातं दोघांचं, पण पत्रं त्याला यायची. तो २०२० मध्ये वेगळा झाला तेव्हा जाताना कागदांची फाइलही घेऊन गेला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, मुलं मोठी होऊन वाचतील. पण सात वर्षं ज्या घरात मी पोळ्या लाटल्या त्या घरात मी राहत होते हे सांगणारा एक कागद माझ्यापाशी नव्हता, हे खरं.

तुमच्या डायनिंग टेबलावर मी प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली. मला वाटलं होतं, तुम्ही अर्ज लिहून द्याल. तुम्ही मलाच पेन दिलंत. मी लिहायला बसले: माझी परिस्थिती फार कठीण आहे, दोन लहान मुलं आहेत, मी एकटी आहे. तुम्ही ते पान उलटं करून ठेवलंत. "गोष्ट नको सांगूस. तारखा सांग. हे वाचणारा माणूस वाईट नसतो गं, पण त्याच्यापुढे आज असे चाळीस कागद आहेत. त्याला पहिल्या पानावर सापडलं पाहिजे."

आणि मग तुम्ही त्या पिशवीतून मला शोधून काढलंत. दुसरा शब्द मला सुचत नाही. चाइल्ड बेनिफिटचं (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचं) पहिलं पत्र, २०१७ चं, ते आईच्या नावानेच आलं होतं. मुलीचं लाल पुस्तक, ज्यात प्रत्येक लशीची तारीख आणि नर्सची सही. मी ते आठवण म्हणून जपलं होतं, पुरावा म्हणून नव्हे. धाकट्याच्या नर्सरीचं प्रवेशपत्र. जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) नाव कधी नोंदवलं त्याचा दाखला, तो तुम्ही मला मागून आणायला लावलात. २०१८ पासून शाळेत दुपारच्या जेवणावर देखरेखीचं काम करत होते, त्याचे पी-६०, म्हणजे वर्षाचा पगार आणि कर यांचे दाखले, सगळ्यांवर हाच पत्ता. डाव्या रकान्यात वर्ष, उजव्या रकान्यात कागद. एका पानाचा तक्ता आणि मागे १७ झेरॉक्स. "आता बघ," तुम्ही म्हणालात, "आहेस की तू इथे."

अठराव्या दिवशी तो गठ्ठा कौन्सिलच्या काउंटरवर दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायची ही अक्कलही तुमचीच. मार्च २०२२ मध्ये निर्णय फिरला.

मधल्या काळातलं एक बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मला मुळात अर्ज करायचीच लाज वाटत होती. २०१२ मध्ये मी नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा माझ्या कार्डावर "नो पब्लिक फंड्स" छापलेलं होतं. म्हणजे सरकारी मदतीला हात लावायचा नाही, आणि कौन्सिलचं घर त्यातच मोडतं. २०१७ ला कायम राहण्याचा परवाना मिळाला, ती अट गेली, पण भीती राहिली. त्यात डोंबिवलीला आई. बाबांनी तिथे स्वतःचा ब्लॉक घेतला याचा आमच्या घरात केवढा अभिमान! त्यांची मुलगी लंडनला जाऊन सरकारी घर मागते हे कुठल्या तोंडाने सांगू, असं मी म्हणाले.

तुम्ही विचारलंत, "वडील कुठे वाढले तुझे?"

"वरळीला. बीडीडी चाळीत."

"ती कोणी बांधली?"

मी गप्पच झाले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. लहानपणापासून तोंडात असलेल्या बीडीडी या तीन अक्षरांचा अर्थ मी कधी मनाशी उच्चारला नव्हता. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या चाळी, १६० चौरस फुटांची एकेक खोली, संडास मजल्यावर सामाईक. त्या खोलीत आजी-आजोबा आणि पाच भावंडं वाढली, आणि बाबा शिकून बँकेत लागले ते त्या खोलीच्या परवडणाऱ्या भाड्यावर. "म्हणजे सरकारी घराची ही तुझी तिसरी पिढी," तुम्ही हसत म्हणालात. "मधली एक डोंबिवलीत गेली, इतकंच."

पुढच्या रविवारी तुम्ही आम्हाला शोरडिचजवळच्या आर्नल्ड सर्कस नावाच्या गोल चौकात नेलंत. मुलं तिथल्या टेकाडावर धावली. तुम्ही सांगितलंत की पाडलेल्या जुन्या झोपडवस्तीचा राडारोडा रचून ते टेकाड केलंय, आणि भोवतीच्या त्या लाल विटांच्या इमारती म्हणजे लंडनच्या कौन्सिलने बांधलेल्या पहिल्या मोठ्या वसाहतींपैकी एक, १९०० साली उघडलेली. वर हेही सांगितलंत की मूळ वस्तीतल्या फारच थोड्या लोकांना तिथे घर मिळालं, कारण भाडं परवडत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या तेव्हा आईने फोनवर बातमी सांगितली आणि मला ते टेकाड आठवलं.

यादीत नाव आलं म्हणजे घर मिळालं, असं आईला वाटलं होतं. दर आठवड्याला फोनवर एकच प्रश्न, "नंबर लागला का?" तिच्या डोक्यात म्हाडाची लॉटरी. तिला समजावताना मलाही समजत गेलं. म्हाडात सोडत निघते, नशिबावर असतं, आणि लागलं तर पैसे भरून घर आपलं. इथे सोडत नाही. इथे गरजेप्रमाणे पट्टे, म्हणजे गट (बँड), असतात, आणि एका पट्ट्यात ज्याची तारीख जुनी तो पुढे. घर भाड्यानेच मिळतं. दर आठवड्याला रिकाम्या घरांची यादी वेबसाइटवर येते आणि त्यावर "बिड" करायचं. बिड म्हणतात, पण पैशाची बोली नव्हे. मला हे घर चालेल, एवढंच कळवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रीनवर माझा क्रमांक १४३ आला. मी तुम्हाला रडत फोन केला. तुम्ही म्हणालात, "एकशे त्रेचाळीस नको बघूस. घर ज्याला गेलं त्याचा पट्टा आणि तारीख पुढच्या आठवड्यात छापून येते, ती वहीत लिही." त्या वहीमुळे चार महिन्यांत मला कळलं की चौथ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली घरं माझ्या तारखेच्या जास्त जवळ येतात. तेव्हापासून मी जिने मोजायला घाबरले नाही.

रांग एवढी लांब का, हे तुम्ही एकदाच चिडून सांगितलंत. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरं सवलतीत विकत घेता येऊ लागली. इंग्लंडमध्ये जवळजवळ २० लाख घरं अशी गेली, आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत. २०२४ मध्ये इंग्लंडभर याद्यांवर १३ लाखांहून जास्त कुटुंबं होती. घेणाऱ्यांना तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. "मीही घेतलं असतं," म्हणालात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलगी दहा वर्षांची झाली. मुलगा आणि मुलगी, त्यातलं एक दहाचं झालं की नियमाने त्यांना वेगळ्या खोल्या लागतात, म्हणून आमची गरज दोनवरून तीन खोल्यांवर गेली. केक कापायच्या आधी मी अर्ज दुरुस्त केला आणि खूश झाले. तुम्ही नाही झालात. तीन बेडरूमची घरं क्वचित निघतात. आमच्या कौन्सिलमध्ये एक खोली कमी असलेल्या घरावरही बिड करता येतं, तो पर्याय सोडू नकोस, हॉलमध्ये झोपायची तयारी ठेव, असं तुम्हीच सुचवलंत.

जानेवारी २०२४ मध्ये घरमालकाची नोटीस आली. कलम २१. तेव्हा कारण द्यावं लागत नव्हतं, दोन महिन्यांत घर सोडा. (ते कलम रद्द व्हायची तारीख ठरली १ मे २०२६, नेमका महाराष्ट्र दिन. आमच्यासाठी उशीरच झाला.) मी घाबरून मैत्रिणीकडे सामान हलवायला निघाले होते. तुम्ही रात्री साडेदहाला फोनवर ओरडलात, आणि ओरडलात ते बरं झालं. "चावी देऊ नकोस! आपण होऊन निघालीस तर जाणूनबुजून बेघर झालीस असं लिहितील." नोटीस संपायला ५६ दिवस उरले की २०१७ च्या कायद्याने तेव्हा कौन्सिलला मदतीसाठी हात पुढे करावाच लागायचा, हे तुम्ही मला पाठ करून घेतलंत. मी नोटीस घेऊन गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, बेलिफ (घर खाली करायला येणारा कोर्टाचा माणूस) येईल तेव्हा या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. माझा आवाज कापत होता, तुम्ही मागच्या खुर्चीवर विणत बसला होता. पाच मिनिटांत आत बोलावलं.

काकू, एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझ्या मागे रांगेत एक बाई होती, कडेवर मूल. तिला ते वाक्य माहीत नव्हतं. तिला "बेलिफ येईल तेव्हा या" सांगितलं आणि ती गेली. तुम्ही विणकाम गुंडाळून तिच्या मागे गेलात, पण लिफ्ट खाली गेली होती.

कोर्ट, मग १० महिने दुसऱ्या भागातली तात्पुरती खोली, मुलांची शाळा दोन बस बदलून. ते दिवस मी लिहीत नाही. तुम्ही दर शनिवारी डब्यात वरणफळं आणायचात, एवढं लिहिते.

मार्च २०२५ मध्ये घर मिळालं. दोन खोल्या आणि हॉल, चौथा मजला, लिफ्ट नाही. चावी हातात आली आणि दार उघडलं तर आत काहीच नाही; गालिचा नाही, पडदे नाहीत, शेगडी नाही, उघडा काँक्रीट. मला वाटलं, चुकून अर्धवट घर दिलं. तुम्ही धापा टाकत चार जिने चढून आलात. हातात पेढ्यांचा पुडा असेल असं मुलांना वाटलं होतं. तुम्ही मोजपट्टी काढलीत. "अशीच देतात. धर टोक." मुलीने एक टोक धरलं, मुलाने टॉर्च, आणि तुम्ही प्रत्येक खिडकी मोजून तुमच्या त्या हिरव्या डायरीत लिहिलीत. पेढे पर्समध्ये होते, ते शेवटी निघाले.

आई मे महिन्यात येऊन गेली. चार जिने चढून हॉलमध्ये टेकली आणि म्हणाली, "आमच्या वरळीच्या खोलीसारख्या चार खोल्या बसतील गं इथे." बसणार नाहीत, पण मी काही बोलले नाही.

मुलांच्या खोल्यांचे पडदे झाले. माझ्या हॉलचे राहिलेत, कारण बाल्कनीच्या दाराचं माप मी लिहून घेतलेला कागद हरवला. हो, मीच, १७ झेरॉक्स लावणारी. डायरीतल्या त्या पानाचा फोटो पाठवाल का? शक्यतो रविवारच्या आत, सेल संपतोय.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची