तलवारीपलीकडचे कारण

महोदय,
एकेश्वरवादी धर्म केवळ तलवारीच्या जोरावर पसरले, असे सरसकट म्हटले जाते. मला हे उत्तर अपुरे वाटते.

रोमन साम्राज्यात इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये तो राजधर्म झाला आणि पुढच्या बारा वर्षांत जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली. हे राजसत्तेचेच काम. पण त्याआधीची पावणेतीनशे वर्षे या धर्माच्या हाती सत्ता कुठे होती? होती ती माणसे धरून ठेवणारी व्यवस्था: बिशप, सामाईक निधी, विधवा-अनाथांची सोय, साथीत रुग्णांची शुश्रूषा. जुने देव परत आणू पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनलाही पुरोहिताला लिहावे लागले, की हे लोक आपल्याबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. शिवाय जुन्या उपासकांना नवा देव सामावून घेण्याची सवय होती; नव्या धर्मात मात्र जुने सोडावेच लागे. गेलेला माणूस सहसा परतत नसे.

तरी जुने पुरते पुसले जात नाही. वसई परिसरात १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या काळात इथले अनेक जण ख्रिस्ती झाले. पण माझ्या शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळ मराठी भाषक ख्रिस्ती समाजाच्या) घरात, भिंतीवर क्रूस असताना, लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. वांद्र्याच्या चर्चमधल्या माउंट मेरीला, म्हणजे येशूच्या आईला, कोळी बांधव ‘मोतमाऊली’ म्हणतात. शेजारच्या आजींना पाणी आणण्याच्या त्या प्रसंगाची मराठी गाणी तोंडपाठ आहेत. ती कुणीतरी लवकर उतरवून घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वांद्रे, मुंबई