पथ्य कागदावर लिहून मिळावे

महोदय,

माझ्या वडिलांचे मूत्रपिंडाचे दुखणे गेल्या वर्षी लक्षात आले, तेव्हा दवाखान्यातून निघताना ‘पथ्य सांभाळा’ एवढेच सांगण्यात आले. आम्ही आपल्या समजुतीप्रमाणे तेलकट बंद केले, रोज सकाळी शहाळे आणू लागलो आणि रक्तदाबासाठी कमी सोडियमचे मीठ वापरू लागलो. दोन महिन्यांनी रक्तातील पोटॅशियम 6.1 आले, ते साधारण 3.5 ते 5 या दरम्यान असावे लागते आणि फार वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि त्या मिठात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडच मिसळलेले असते, हे आम्हाला तेव्हा कळले. सैंधव निर्धोक समजणारीही कितीतरी घरे माझ्या पाहण्यात आहेत. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

आता आई पोटॅशियम कमी व्हावे म्हणून बटाटे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी ओतून देते आणि मगच फोडणीला टाकते.

शहाळे घेऊन रुग्णाला भेटायला येणाऱ्यांचा यात दोष नाही, कारण निरोगी माणसाला ते चांगलेच असते. म्हणून नाशिकमधील रुग्णालयांनी, महापालिकेच्या दवाखान्यांसह, रुग्णाच्या तपासणीचे आकडे पाहून आहारतज्ज्ञाने मराठीत लिहिलेला कागद द्यावा आणि त्यात ‘खारट कमी’ असे मोघम न लिहिता पापड, लोणचे, शेव, चिवडा अशी रोजच्या ताटातली नावे घालावीत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक